केरबाआबा यायला हवेत

सप्ताहाचा पाचवा दिवस होता आणि नेमकं त्याच दुपारी कालव्याला पाणी सुटलं.

विट्याहून कडेगावकडं जाताना उजवीकडं जो फाटा फुटतो, त्या फाट्यावरची ही वाडी. पाण्याची पाळी पुढच्या आठवड्यात येणार असं सगळे धरून चालले होते. सकाळचं पारायण उरकलं होतं, पंगतीत दुसरी वाढणी चालली होती, तेवढ्यात कुणीतरी फटफटीवरून ओरडत आलं, "पाणी आलं रं, पाणी आलं." झालं. पुढ्यातलं ताट तसंच ठेवून माणसं उठली. खोरी शोधली, धोतरं खोचली, आणि बाया डोक्यावरचा पदर दातात धरून मागोमाग निघाल्या. आचारी म्हणून बोलावलेला माणूससुद्धा झारा ठेवून गेला, त्याचाही अर्धा एकर होता. बघता बघता मारुतीच्या देवळात दोघीच उरल्या. गळ्यात वीणा घेऊन उभी असलेली सोनम आणि खांबाला टेकून वाती वळत बसलेली चंद्राआज्जी.

सोनमला जाता येणार नव्हतं. सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत. बसली त्या दिवसापासून काल्यापर्यंत, दिवसरात्र, एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते. घेणारा आणि देणारा एकमेकांच्या पाया पडतात आणि मगच पट्टा या खांद्यावरून त्या खांद्यावर होतो. ज्याच्या गळ्यात वीणा त्यानं मनात नाम धरायचं, अधूनमधून तार छेडायची आणि पुढचा माणूस समोर येऊन उभा राहीपर्यंत जागा सोडायची नाही. घेणाराही माळकरीच लागतो. रात्री बुवा गादीवर उभे राहून देहभान विसरायला लावतात, आपण माना डोलावतो, डोळे पुसतो. पण त्या कीर्तनाला उभं राहायला जी जमीन लागते ती दुपारच्या या एकेकट्या पहाऱ्यांनी धरून ठेवलेली असते. तिथं टाळ्या नसतात. माशा असतात, आणि पाय दुखत असतात.

सोनमच्या पायांचं तिला काही वाटत नव्हतं. तिचं लक्ष होतं दरवाजाकडं. तिच्यानंतरचा पहारा केरबाआबांचा होता. केरबाआबा म्हणजे माळावरच्या धनगरवस्तीतलं म्हातारं खोड. आयुष्य मेंढरांमागं गेलं, आता लेकाबरोबर थोडी शेती करत होते. कान जरा कमी झाले होते, पण वेळेला पक्के. पहाऱ्याला आबा कधी उशिरा आले असं वाडीत कुणाला आठवत नव्हतं. म्हणून तर सोनमनं त्यांच्या आधीचा पहारा मागून घेतला होता. तीन वाजता आबा येणार, मग घरी जायचं, तोंड धुवायचं आणि चार वाजता फोनसमोर बसायचं.

चारला पुण्याहून फोन येणार होता. साताऱ्याच्या एका मोठ्या दवाखान्यात चौकशीच्या टेबलावर माणूस हवं होतं. पेशंटच्या नातेवाइकांशी बोलायचं, विमा कंपन्यांचे फोन घ्यायचे. त्यासाठी इंग्रजी लागत होतं. मुलाखत फोनवरच, 'शांत खोलीतून बोला' असा निरोप होता. सासूनं, मंगलनं, सकाळीच वरची खोली झाडून ठेवली होती आणि कोंबड्यासुद्धा शेजारी नेऊन सोडल्या होत्या. आत्ता सासू पण पाण्यावर गेली होती. ती माळकरी होती, तिनं वीणा घेतली असती. फोन उचलत नव्हती. पाण्यावर गेलेलं माणूस फोन उचलत नाही.

हा सोनमचा दुसरा फोन. पहिल्याला ती पडली होती, आणि तिसरा नसतो असं त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं.

तिचा नवरा धनाजी तिकडं तमिळनाडूत, सेलमला, सोनं गाळायच्या दुकानात होता. इकडची निम्मी पोरं याच धंद्यात. कुठल्याही शहरातल्या सराफकट्ट्यात जा, गल्लीच्या टोकाला विट्याकडचं माणूस भट्टीपुढं बसलेलं सापडेल. धनाजीनं तेराव्या वर्षापासून तेजाबाचा धूर गिळला होता. गेल्या थंडीपासून त्याला जिना चढताना थांबावं लागायचं. डॉक्टरनं साफ सांगितलं होतं, भट्टी सोड. तो फोनवर हसून म्हणायचा, "सोडतो की. तुझं साताऱ्याचं जमलं की दुसऱ्या दिवशी सोडतो." आणि हसता हसता त्याला जी ढास लागायची ती सोनम फोन कानाशी धरून शेवटपर्यंत ऐकायची.

"आज्जी, आबा दिसत्यात का बघा की."

चंद्राआज्जीनं वातींची परडी बाजूला केली, गुडघ्यावर हात देऊन उठल्या आणि दरवाजातून डोळ्यावर हात घेऊन पाहिलं. "न्हाई बया. कुत्रं सुदिक दिसंना रस्त्याला. ती बी पाणी बघाय गेल्याती जनू."

"तीन वाजलं की."

"वाजलं तर वाजलं. येत्याल. पाणी आलंय म्हणल्यावर वाफं धरून येत्याल."

तीच तर भीती होती. सोनमच्या डोक्यात वीरधवल सरांचा आवाज सुरू झाला. सर म्हणजे सैन्यातून सुभेदार होऊन परत आलेले, विट्यात बस स्टँडच्या मागं इंग्रजीचा वर्ग चालवायचे. गेल्या वेळी ती पडली ती कशानं, हे त्यांनीच तिला समजावलं होतं. पुण्याच्या बाईंनी विचारलं होतं, मी पेशंटची मुलगी आहे, डॉक्टर अजून आले नाहीत, काय सांगशील? सोनमनं पाठ केलेलं सांगून टाकलं होतं, डॉक्टर विल कम इन फाइव्ह मिनिट्स. बाई म्हणाल्या होत्या, आणि नाही आले तर? त्यावर तिनं तेच वाक्य पुन्हा म्हटलं होतं.

"तू शब्द देऊन बसलीस," सर म्हणाले होते. "विल म्हणलीस की शब्द दिला. तो शब्द तुझ्या हातातला हाय का? तुझ्या हातात तू हायस, डॉक्टर न्हाई. आमचं कसं असायचं बघ. वरनं रसद निघाली, रस्ता मोकळा हाय, रोजची वेळ झाली, मग आमी म्हणायचो, शुड बी हिअर. यायला पायजे. अजून दिसत न्हाई, पण यायला पायजे. मग खिंडीत धूळ उठली की मस्ट बी. धूळ हाय म्हणजे गाडीच आसणार. आन रातभर बर्फ पडला आसंल तर माइट. आली तर आली. येवढ्यात सगळं आलं. पण पोरी, पाठ करू नकोस. कुणाची तरी खरंच वाट बघ आन मग बोल."

ती वाट बघायची वेळ अशी येईल असं सरांनाही वाटलं नसेल.

सोनमनं तार छेडली. रामकृष्णहरी. पुन्हा दरवाजाकडं पाहिलं.

"आज्जी, जरा पारापतूर जाऊन बघता? तितनं वस्तीचा रस्ता दिसतो."

"जाती बाई. पर तुला एक सांगू का," आज्जी पायात चप्पल सरकवताना म्हणाल्या, "मी घेतली आसती गं वीणा. पर माजी माळ खुंटीला हाय."

"का वं?"

"दिवाळीत नातू सुट्टीवर आलता. पठाणकोटवरनं. म्हणला, आज्जी, तुज्या हातचा तांबडा रस्सा. केला. आन मग तो म्हणला, चाखून बघ, मीठ हाय का. आता पोरगं येवढं सीमेवरनं आलंय, त्याला न्हाई म्हणू? चाखला. चाखला म्हणजे दोन वाट्या चाखला." आज्जींनी मारुतीकडं बघून कानाची पाळी धरली. "आता आषाढीला घालीन म्हणती परत. त्यास्नी म्हाईत हाय समदं."

त्या गेल्या. देवळात सोनम एकटी राहिली.

उन्हाची तिरीप गाभाऱ्याच्या पायरीवरून खाली सरकली होती. दूरवर पाण्याची ओरड ऐकू येत होती, कोण कुणाचा पाट फोडतंय यावरनं चाललं असावं. सोनमनं डोळे मिटले. आधी नाम घेतलं. मग नामातच वाक्यं मिसळायला लागली. ही शुड बी हिअर. आबा यायला हवेत. ही इज नेव्हर लेट. ते कधी उशीर करत नाहीत. ही मस्ट बी इन द फील्ड. पाण्यावर असणार. ही माइट नॉट कम. हे वाक्य ओठावर आलं आणि तिनं ते अर्ध्यातच सोडलं. तिनं पुन्हा पहिल्यावर उडी मारली. शुड बी हिअर. रामकृष्णहरी. शुड बी हिअर. मागच्या अंगाला नळाचं पाणी पडल्यासारखं वाटलं, पण तो नळ गेल्या पावसाळ्यापासून गळतच होता. घाम मानेवरून पट्ट्याखाली उतरला. ती तशीच डोळे मिटून पुटपुटत राहिली, किती वेळ ते तिला कळलं नाही.

"न्हाईत बाई," आज्जींचा आवाज आला. पारावर बराच वेळ वाट बघून त्या धापा टाकत परत आल्या होत्या. "वस्तीकडनं कोन बी येत न्हाई. किती वाजलं?"

खांबाजवळ ठेवलेल्या फोनवर आज्जींना आकडे वाचता आले नाहीत, त्यांनी तो सोनमच्या तोंडापुढं धरला. चारला अगदी थोडं कमी होतं. घरी जायला वेळ उरलाच नव्हता.

आज्जींनी इकडंतिकडं पाहिलं. मग आवाज खाली आणला. "आईक. ह्या मारुतीरायाच्या पायापाशी टेकव. टेकव म्हणजे खाली न्हाईच ती, देवाजवळच हाय. मी हितं बसती राखण. तू त्या कोठीत जा आन बोल. कोन बघतंय?"

सोनमच्या मनात ते आलं नव्हतं असं नाही. चटकन जाऊन येण्यासारखं होतं. देव काही रागावणार नव्हता, हेही तिला माहीत होतं. ज्याच्या कीर्तनात पापी अजामेळ तरतो तो एवढ्यासाठी कशाला रागावेल. पण सप्ताह बसायच्या आधी विहिरीवरच्या बैठकीत भजनी मंडळानं विचारलं होतं, दुपारचा पहारा कोण धरणार, आणि तिनं म्हटलं होतं, मी धरीन. कुणी जोर केला नव्हता. धरीन म्हटलं होतं.

"न्हाई आज्जी," ती म्हणाली. "मी हितनंच बोलती. तुमी फोन धरा."

"मी?"

"माझं दोनी हात गुतल्यात. माझ्या कानाला लावून धरा. बोलू नका मधी."

"मला काय इंग्रजी येतंय बोलायला?"

फोन वाजला.

आज्जी तिच्यापेक्षा वीतभर ठेंगण्या. त्यांनी दोन्ही हातांनी फोन वर उचलला, देवापुढं नीरांजन धरावं तसा, आणि टाचा उचलून सोनमच्या कानाशी नेला. पुण्याच्या बाईंनी आपलं नाव शिवांजली सांगितलं. आवाज गेल्या वेळचाच, नीटनेटका, घाई नसलेला. सोनमनं नाव सांगितलं, गाव सांगितलं, शिक्षण सांगितलं. एवढं बरं झालं. मग बाईंनी विचारलं, काहीतरी वाजलं, कसला आवाज आहे?

बोटाचा धक्का लागून तार वाजली होती.

सोनमला वाटलं, झालं. शांत खोली म्हणाले होते. खोटं सांगायचं तर कसलं सांगायचं हेही सुचेना. तिनं खरं सांगितलं, तुटक तुटक इंग्रजीत. मॅडम, मी देवळात आहे. माझ्या गळ्यात वीणा आहे. ही खाली ठेवायची नसते. पुढचे आजोबा येईपर्यंत मी इथून हलू शकत नाही. सॉरी.

मग बाई म्हणाल्या, "अँड व्हेअर इज ही?"

"ही शुड बी हिअर, मॅडम," सोनम म्हणाली, आणि आपण पाठ केलेलं बोललो नाही हे तिचं तिलाच कळलं. "ही इज नेव्हर लेट. टुडे वॉटर केम इन द कॅनॉल. सो ही मस्ट बी इन हिज फील्ड. बट ही शुड कम."

आज्जींचे हात भरून आले होते. फोन कानावरून गालावर घसरला. सोनमनं मान तिरकी करून तो खांद्याशी दाबला आणि डोळ्यांनी आज्जींना दम दिला. आज्जींनी पुन्हा टाचा उचलल्या.

शिवांजली मॅडमनी मग तोच प्रश्न घातला. तसाच, शब्दाला शब्द. मी पेशंटची मुलगी आहे. माझ्या वडिलांना आत घेतलंय. डॉक्टर अजून आले नाहीत. मी घाबरलेय. मला काय सांगशील?

गेल्या वेळी ती दवाखाना डोळ्यापुढं आणायचा प्रयत्न करत होती, कधी न पाहिलेलं टेबल, कधी न पाहिलेली बाई. आता तिला काही आणावं लागलं नाही. दरवाजात मोकळा रस्ता होता. घाबरून त्या रस्त्याकडं बघणारं माणूस ती स्वतःच होती. मला आत्ता कुणी काय सांगितलं तर बरं वाटेल, एवढंच तिनं मनाशी विचारलं.

आणि ती बोलली. इंग्रजी मोडकं होतं, मध्ये दोनदा अडलं, पण बोलली ते असं, की डॉक्टर यायला हवेत. या वेळेला ते रोज येतात. कदाचित दुसऱ्या पेशंटजवळ असतील, मी फोन करून बघते. अमुक वेळेत येतील असं मी तुम्हाला सांगणार नाही, कारण ते माझ्या हातात नाही. पण ते येईपर्यंत मी इथून जाणार नाही. तुम्ही बसा. मी इथंच आहे.

"आय विल नॉट लीव्ह धिस प्लेस," ती पुन्हा म्हणाली. "दॅट आय कॅन प्रॉमिस."

पलीकडं काहीतरी लिहिल्याचा आवाज आला असं तिला वाटलं. मग बाईंनी आणखी दोन-चार गोष्टी विचारल्या, विम्याचं काय असतं, रागावलेल्या माणसाशी कसं बोलशील. सोनमनं जमेल तशी उत्तरं दिली. एका ठिकाणी चुकली, तिला चुकल्याचं कळलं, तिनं दुरुस्त केलं. शेवटी बाई म्हणाल्या, संध्याकाळी कळवते. आणि जरा थांबून मराठीत विचारलं, "ते आजोबा नाहीच आले तर हो?"

"मग मी धरीन की," सोनम म्हणाली. "संध्याकाळी हरिपाठाला लोक येतीलच."

फोन बंद झाला. आज्जींनी हात खाली घेतले आणि तिथंच फतकल मारली.

"आगं बया. माजं दंड गेलं. येवढा वेळ तर काकड्याला बी हात वर धरला न्हवता मी. काय म्हणली ती?"

"सांजंला सांगती म्हणली."

"आन तू ते नो लीव, नो लीव काय म्हणत हुतीस? रजा देत न्हाईत व्हय?"

सोनमला हसू आलं. हसता हसता डोळ्यांत पाणीही आलं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. आज्जींनी उठून आपल्या पदरानं तिचा चेहरा पुसला.

तेवढ्यात बाजूच्या दारातून, गाभाऱ्याच्या मागल्या अंगानं, केरबाआबा आत आले. हातपाय धुतलेले, कपाळाला बुक्का, खांद्यावर घोंगडं. चेहऱ्यावर असा भाव की जणू मघापासून कीर्तन ऐकत होते.

"झालं का गं पोरी?" ते म्हणाले. "लय रंगली हुतीस."

दोघी एकदम वळल्या.

"आवं भावजी," चंद्राआज्जी मोठ्यानं म्हणाल्या, त्यांच्या कानाला पोचेल असं, "कवा आलाव तुमी?"

"मी? येळंला आलो की. तू पाराकडं चालली हुतीस, तवाच. पाणी आलं म्हणून बांधाबांधानं आलो, मागल्या दारानं. पाय धुतलं. आन दारात येतो तर ही डोळं मिटून हुबी. व्हट हालत्यात, घाम पाझरतोय, आन भानच न्हाई. म्या म्हणलं, नामात हाय लेक. नामातल्या माणसाला हात लावू नये. माजा बा सांगायचा, कुनाचं ध्यान मोडलं तर त्याचं पुण्य जात न्हाई, आपलं जातं. म्हणून मागं कडुनिंबाखाली बसलो."

"येवढा वेळ?"

"मदी एकदा उठून डोकावलो. तवा तू तिला ववाळत हुतीस." आबांनी दोन्ही हात वर करून दाखवले. "म्या म्हणलं, आता तर मुळीच न्हाई."

आज्जींनी कपाळावर हात मारला. "ववाळतीया. फोन हुता त्यो, फोन. हितं पोरीचा जीव टांगणीला लागलाय, आन मी म्हातारी त्या रस्त्यानं हेलपाटं घालतीया, आन ह्यो बाबा मागं सावलीला बसलाय पुण्य राखत."

आबांना सगळं ऐकू गेलं नाही, पण काहीतरी चुकलं एवढं कळलं. त्यांचा चेहरा उतरला. "काय नुकसान झालं का गं तुजं?"

सोनमनं त्यांच्याकडं पाहिलं. ज्या माणसाची ती दरवाजात वाट बघत होती, तो सारा वेळ तिच्या पाठीमागं, भिंतीपलीकडं, नळाच्या आवाजाएवढ्या अंतरावर बसून होता. यायला हवेत, यायला हवेत म्हणत होती तेव्हा ते आलेलेच होते. बुवा एखादा दृष्टांत सांगतात आणि आपण सगळं समजल्यासारखी मान हलवतो, आणि मग एके दिवशी तो दृष्टांत हातपाय धुऊन समोर येऊन उभा राहतो, तसं तिला झालं.

"न्हाई आबा," ती म्हणाली. "काय नुकसान न्हाई. पण पाणी आलंय, तुमचं वाफं?"

"बिराप्पा धरंल. पोरगा कशाला हाय? पाणी आज हाय, उद्या बी येईल. पहारा माजा हुता."

ती वाकली, आबा वाकले. वीणेचा पट्टा तिच्या खांद्यावरून त्यांच्या खांद्यावर गेला. तिथली कातडी ओली होऊन लाल झाली होती, वारा लागताच थंड वाटलं.

दिवेलागणीला माणसं शेतातून परतली. पिंढऱ्यांपर्यंत चिखल, आणि सगळ्यांचे चेहरे सैल. घराघरांतून पाणी तापवायच्या चुलींचा धूर निघत होता आणि देवळात हरिपाठाला टाळ खणखणायला लागले होते. मंगल अंगणात पाय धूत होती, झाला प्रकार ऐकून तिनं पहिल्यांदा कपाळ बडवलं आणि मग विचारलं, "आन कोंबड्या मी उगाच नेल्या व्हय गं शेजारी?" तेवढ्यात फोन वाजला. शिवांजली मॅडमच होत्या. सोमवारपासून साताऱ्याला या म्हणाल्या. सुरुवातीला शिकवतील, मग टेबल देतील. "तुमचं इंग्रजी अजून कच्चं आहे," त्यांनी सांगितलं, "ते होईल. घाबरलेल्या माणसाजवळ थांबायचं शिकवता येत नाही."

तिनं फोन सासूच्या हातात दिला, सासूनं हात ओला म्हणून परत तिच्याच हातात दिला.

मग तिनं धनाजीला लावला. तिकडं दुकान बंद करायची वेळ होती. मागं रस्त्यावरची तमिळ बडबड ऐकू येत होती.

"जमलं," ती म्हणाली.

त्याला ढास लागली, ती त्यानं आवरली. मग हळूच म्हणाला, "खरं?"

"खरं. सोमवारी जायचंय."

"शेटला आजच सांगतो मग. दुसरा माणूस बघंपतूर थोडं थांबावं लागंल. पर काल्यापतूर यायला पायजे मी."

"यायला पायजे न्हाई," सोनम म्हणाली. "येणार म्हणा."

पलीकडून तो हसला. या खेपेला त्याला खोकला आला नाही. "येणार," तो म्हणाला. "उद्याच्या रातीची गाडी बघतो. भट्टी काय, कोन बी पेटवंल."

हरिपाठ संपता संपता ती देवळात गेली. बायकांच्या ओळीत चंद्राआज्जींनी तिच्यासाठी जागा धरून ठेवली होती आणि आजूबाजूच्या बायकांना सगळी हकिकत आपल्या पद्धतीनं सांगून झाली होती. त्यात आज्जींनी पुण्याच्या बाईंशी स्वतः दोन वाक्यं बोलल्याचंही आलं होतं. केरबाआबा पहारा उतरवून भिंतीला टेकले होते. सोनमनं त्यांच्या हातावर साखर ठेवली, कानाशी वाकून सांगितलं. आबांनी साखर तोंडात टाकली नाही, आधी मारुतीपुढं धरली.

"मग उद्या दुपारी?" त्यांनी विचारलं. "तूच धरणार?"

"मीच धरीन. पण आबा, आलाव की कळू द्या. नुसतं बसू नका."

"कसं कळू देऊ? हात लावायचा न्हाई, बोलायचं न्हाई."

"टाळ वाजवा की," मागून आज्जी म्हणाल्या. "तुमाला ऐकू येत न्हाई, आमाला येतंय."

रात्री बुवांचं कीर्तन रंगलं ते काय सांगावं. दिवसभर पाण्यात उभी राहिलेली माणसं डुलक्या घेतील असं वाटलं होतं, पण एकानंही पाठ टेकली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी सोनम पुन्हा वीणा घेऊन उभी होती. फोन घरी ठेवून आली होती. धनाजीनं गाडीत बसल्यावर मंगलला कळवायचं ठरलं होतं. आज्जी खांबाशी वाती वळत होत्या, वळता वळता त्यांचा डोळा लागला होता. ऊन तसंच होतं, माशा तशाच. सोनमनं डोळे मिटले आणि नुसतं नाम घेतलं.

मग लांबून, ओल्या बांधाच्या बाजूनं, टाळ ऐकू आला. देवळाच्या दारात वाजवायचा तो आबा वस्तीपासूनच वाजवत निघाले होते. वाटेतल्या शेतांत बाया हसत होत्या, कुणीतरी विचारत होतं, "आबा, दिंडी कुटं निघाली?" आणि आबा, काही ऐकू न आल्यानं, "रामकृष्णहरी" एवढंच म्हणत पुढं येत होते.

सोनमनं डोळे उघडले नाहीत. टाळ जवळ येत होता.